रीपर : वाद्य मुकं झालं की या सॉफ्टवेअरची खरी परीक्षा

रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची परीक्षणं वाचली की बहुतेक ठिकाणी तेच ते असतं : ट्रॅक किती, इफेक्ट किती, दिसायला कसं. कामात वेळ खाणारा प्रसंग वेगळाच असतो. व्हर्च्युअल पियानो ट्रॅकवर लावलेला आहे, त्याची खिडकी उघडलेली आहे, कीबोर्डवर बोटं पडतायत आणि स्पीकरमधून काहीच नाही. अशा वेळी सॉफ्टवेअर काय सांगतं, कुठे डोकावू देतं आणि कुठे चकवतं, या एकाच कसोटीवर इथे रीपर तपासलं आहे.

ओळख थोडक्यात. विनअँप हा गाणी वाजवायचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांच्या कॉकोस कंपनीचं हे सॉफ्टवेअर. पहिली पूर्ण आवृत्ती २००६ ची, सातवी २०२३ ची. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. ६० दिवसांच्या चाचणीत कोणतीच सोय बंद ठेवलेली नसते, त्यामुळे खालचं सगळं विकत न घेताही करून बघता येईल.

निकाल आधीच सांगून टाकू. आवाज नेमका कुठे अडला हे शोधायची साधनं रीपरमध्ये भरपूर आहेत आणि ती चोख आहेत. पण ते स्वतःहून तोंड उघडत नाही. कुठे बघायचं हे ज्याला ठाऊक आहे त्याचं काम पाच मिनिटांत होतं, ज्याला नाही त्याची संध्याकाळ जाते.

पहिला चकवा रीपरचाच

डावीकडच्या रिकाम्या जागेत डबल क्लिक करून नवा ट्रॅक घेतला की त्याचं इनपुट ऑडिओचं असतं, म्हणजे बहुधा इंटरफेसचा (माइक आणि स्पीकर संगणकाला जोडणाऱ्या पेटीचा) पहिला माइक. त्या ट्रॅकवर एफएक्सचं (इफेक्ट आणि वाद्यं लावायचं) बटण दाबून सिंथ, म्हणजे आवाज तयार करणारं वाद्य, लावला तरी इनपुट तसंच राहतं. मग लाल बटण दाबून ट्रॅक आर्म केला, म्हणजे रेकॉर्डिंगसाठी सज्ज केला, आणि कीबोर्ड कितीही बडवला तरी ट्रॅक कान लावून बसलाय तो माइककडे. वाद्य गप्प असण्याचं नवशिक्यांच्या बाबतीतलं हे सगळ्यात नेहमीचं कारण, आणि यात वापरणाऱ्याचा दोष फारसा नाही. वाद्य लावलं जातंय हे सॉफ्टवेअरला दिसत असताना इनपुट मिडीवर (कीबोर्डकडून येणाऱ्या सुरांच्या माहितीवर) नेऊ का, एवढं विचारायला हरकत नव्हती.

उपाय सोपा आहे. आर्मच्या बटणावर राइट क्लिक करायचं आणि इनपुटमध्ये मिडी, ऑल मिडी इनपुट्स, ऑल चॅनल्स निवडायचं. त्याहून सोपं म्हणजे ट्रॅक आधी घ्यायचाच नाही. इन्सर्ट मेन्यूतून नव्या ट्रॅकवर व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट घालण्याचा पर्याय निवडला की रीपर ट्रॅक बनवतं, इनपुट मिडीचं करतं, आर्म करतं आणि मॉनिटरिंगही (वाजवतानाच आवाज ऐकू येणं) चालू करतं. हा रस्ता मेन्यूत असा मुकाट पडून असतो की वर्षानुवर्षं रीपर वापरणाऱ्यांनाही कधीकधी ठाऊक नसतो. प्रत्येक ट्रॅक मिडीवरच उघडावा असं वाटत असेल तर प्रेफरन्सेसमध्ये ट्रॅक आणि सेंड डिफॉल्ट्सचं पान आहे, तिथे रेकॉर्डची सुरुवातीची मांडणी बदलून ठेवता येते.

मॉनिटरिंगचं बटण तीन अवस्थांचं आहे

आर्मच्या शेजारचं मॉनिटरिंगचं बटण चालू-बंद एवढंच असतं असा समज आहे. दाबत राहिलात तर तीन अवस्था येतात : बंद, चालू आणि ऑटो. ऑटो म्हणजे जुन्या टेप मशीनची रीत. थांबलेलं असताना वाद्य वाजतं, रेकॉर्ड करताना वाजतं, पण नुसतं प्ले चालू असताना थेट वाजवलेलं ऐकू येत नाही. लक्षण अगदी ठरलेलं : थांबवून वाजवलं की आवाज येतो, गाणं सुरू करून सोबत वाजवायला गेलं की वाद्य मुकं. टिचक्या मारत बटण साध्या ‘चालू’वर आणलं की काम झालं. मॉनिटरिंग पूर्ण बंद असेल तर मिडी नीट रेकॉर्ड होतो आणि मागाहून वाजवला तर ऐकूही येतो, फक्त वाजवताना कानावर काही पडत नाही. ‘रेकॉर्ड होतंय पण ऐकू येत नाही’ असं कुणी म्हटलं की बाकी काही बघायच्या आधी हे बटण बघावं.

वाट अर्ध्यात तोडा

कीबोर्डपासून स्पीकरपर्यंतच्या वाटेचे दोन भाग पडतात. वाद्यापर्यंत येतो तो मिडी, म्हणजे नुसती माहिती : कोणती पट्टी, किती जोरात, कोणत्या चॅनलवर. वाद्यातून पुढे निघतो तो ऑडिओ. बिघाड कोणत्या भागात आहे हे आधी ठरवलं नाही तर माणूस इंटरफेसचा ड्रायव्हर पुन्हा टाकत बसतो आणि दोष असतो मिडी चॅनलचा.

पहिली चाचणी माउसची. वाद्याच्या स्वतःच्या खिडकीत पट्ट्या असतील तर त्यातली एक दाबा. आवाज आला तर पुढची सगळी वाट मोकळी आहे, घोळ मिडीकडे आहे. आला नाही तर वाद्य किंवा त्याच्यापुढचं काही.

खिडकीत पट्ट्या नसतील तर ऑल्ट आणि बी दाबून रीपरचा पडद्यावरचा कीबोर्ड उघडा. ट्रॅकचं इनपुट ऑल मिडी इनपुट्स असेल तर त्याचे सूर तिथे पोचतात. यावर वाद्य बोललं आणि खऱ्या कीबोर्डवर बोललं नाही, तर ट्रॅक निर्दोष सुटला. आता फक्त कीबोर्ड, केबल आणि प्रेफरन्सेसमधलं मिडीचं पान तपासायचं.

त्या पानावर रीपर पुन्हा एक बारीक फरक करतं. प्रत्येक उपकरणाला इनपुट म्हणून चालू करणं वेगळं आणि नुसत्या कंट्रोल संदेशांसाठी चालू करणं वेगळं. दुसरंच चालू असेल तर कीबोर्डवरची बटणं रीपरच्या आज्ञांना जोडता येतात, नॉबही काम करतात, सूर मात्र ट्रॅकपर्यंत जात नाहीत. नॉब चालतोय म्हणजे कीबोर्ड जोडलेला आहे, मग वाद्यच बिघडलं असणार, असा चुकीचा निष्कर्ष इथे सहज निघतो. नावावर राइट क्लिक करून दोन्ही पर्याय बघून घ्यावेत.

उपकरणाचं नावच यादीत नसेल तर केबल बदलून बघा. नुसत्या चार्जिंगच्या यूएसबी केबलने कीबोर्डचा दिवा लागतो, पण माहितीच्या तारा तिच्यात नसतात. विंडोजवर आणखी एक भानगड आहे : कित्येक कीबोर्डांचे ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिडी देतात. त्याच सिंथची स्वतंत्र आवृत्ती मागे उघडी राहिली असेल तर रीपरला ते इनपुट उघडताच येत नाही. दुसरा प्रोग्रॅम बंद करून मिडी उपकरणं रीसेट करायची आज्ञा द्यावी.

आता रीपरमधलं सगळ्यात कामाचं हत्यार. रीकंट्रोलमिडी नावाचा छोटा प्लगइन (सॉफ्टवेअरच्या आत लावायचा उपप्रोग्रॅम) रीपरसोबतच येतो. ट्रॅकच्या एफएक्स साखळीत तो वाद्याच्या वर ठेवायचा, कारण साखळी वरून खाली चालते. त्याचा लॉग उघडला की येणारा प्रत्येक मिडी संदेश ओळीने दिसतो. एक पट्टी दाबून सोडली की दोन ओळी यायला हव्यात, एक नोट-ऑन आणि एक नोट-ऑफ. एकही ओळ नाही म्हणजे मिडी इथवर पोचलाच नाही, इनपुट किंवा मिडीचं पान बघा. ओळी येतायत आणि वाद्य गप्प, तर तीन आकडे वाचा. चॅनल कितवा? नोट क्रमांक किती? जोर किती? मिडीत जोर शून्य असलेला नोट-ऑन हा नोट-ऑफच मानला जातो, आणि जोर ३-४ असेल तर कित्येक सॅम्पल लायब्ररींचा (रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या संचांचा) आवाज ऐकूच येत नाही. या एका लॉगसाठी रीपरला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतात. महागड्या सॉफ्टवेअरमध्येही कित्येकदा एक लुकलुकणारा दिवा मिळतो, आणि संदेश आला एवढंच तो सांगतो.

एक सावधगिरी. ट्रॅक आर्म असताना मीटरवर मिडीचा जोरही दिसू शकतो. मीटर नाचतंय म्हणजे ऑडिओ निघतोय असं धरून चालू नका.

दुसरी चाचणी अदलाबदलीची. गप्प वाद्य बायपास करा (तात्पुरतं बाजूला काढा) आणि त्याच्या जागी रीसिंथ लावा. हा रीपरचाच साधासुधा सिंथ आहे. ना सॅम्पल, ना परवाना, ना चॅनलची कटकट. तो वाजला तर ट्रॅक, राउटिंग (आवाज कुठून कुठे जातो ती जोडणी), मास्टर (सगळे ट्रॅक एकत्र होतात तो), ड्रायव्हर सगळं ठीक आहे आणि दोष त्या वाद्याच्या पोटात आहे. तोही वाजला नाही तर वाद्याला हात लावू नका.

वाद्याच्या पोटात

इथे रीपरचं काही चालत नाही, पण बरीचशी कोडी इथलीच असतात, म्हणून जरा थांबू.

चॅनल. मिडीला १६ चॅनल असतात. कॉन्टॅक्टसारख्या सॅम्पलरमध्ये, म्हणजे अशा लायब्ररी वाजवणाऱ्या वाद्यात, एकामागून एक वाद्यं भरली तर पहिलं चॅनल १ वर, दुसरं २ वर असं बसत जातं. कीबोर्ड १ वर पाठवतोय आणि पडद्यावर उघडं दिसतंय ते दुसरं वाद्य, तर वाजतं पहिलं. त्याचा आवाज खाली केलेला असेल तर काहीच नाही. वाद्याचं मिडी इनपुट ऑम्नी (सगळे चॅनल) करा किंवा क्रमांक जुळवा. ड्रम पॅड असलेले कीबोर्ड कित्येकदा पॅड १० व्या चॅनलवर पाठवतात, हेही ध्यानात असू द्या.

सुरांची मर्यादा. प्रत्येक सॅम्पल वाद्याला ठरावीक पट्ट्याच दिलेल्या असतात. बासच्या लायब्ररीला वरच्या सप्तकात आवाज नसतोच, आणि २५ पट्ट्यांचा कीबोर्ड ऑक्टेव्हच्या बटणाने वर सरकलेला असला की सगळी बोटं त्या ओसाड भागात पडतात. त्यातच कुणी ६० क्रमांकाच्या सुराला सी३ म्हणतं, कुणी सी४. माहितीपत्रकात लिहिलेला सूर आणि पडद्यावरचा सूर एक सप्तक चुकतो तो यामुळे. भांडण मिटवायचं तर नाव सोडा, लॉगमधला क्रमांक बघा. काही पट्ट्या आवाजासाठी नसतातच; त्या वादनाची शैली बदलतात, आणि त्या कितीही दाबल्या तरी गप्पच राहतात. कॉन्टॅक्टमध्ये अशा पट्ट्या बहुधा लाल आणि वाजणाऱ्या निळ्या रंगवलेल्या असतात.

कंट्रोलर. सगळ्यात छळवादी भाग हाच. सुरांसोबत नियंत्रणाचे क्रमांक दिलेले मिडी संदेशही येतात : क्रमांक ७ आवाजाचा, ११ एक्स्प्रेशनचा, १ मॉड्युलेशन व्हीलचा. ऑर्केस्ट्राच्या बहुतेक लायब्ररींमध्ये लांब सुरांचा जोर बोटावर नसतो, तो व्हीलवर असतो. व्हील तळाशी असेल तर व्हायोलिनं वाजत असूनही ऐकू येत नाहीत. वर सरकवून बघा. ११ शून्यावर अडकला तर व्हीलही उपयोगाचं नाही.

७ चा एक नमुना जवळून बघण्यासारखा आहे. गाण्याच्या शेवटी सूर विरत नेण्यासाठी मिडी एडिटरमध्ये ७ ची रेघ १२७ वरून शून्यापर्यंत उतरवली. शेवटापर्यंत छान वाजलं. मग पुन्हा पहिल्यापासून लावलं, तर वाद्य मुकं. बिघडलं काहीच नाही. शेवटचा संदेश ‘आवाज शून्य’ होता आणि वाद्याने तो इमानाने पाळला आहे. दुसरा आकडा मिळेपर्यंत ते तसंच राहणार. पहिल्या सुराच्या किंचित आधी ७ चा १०० किंवा हवा तो आकडा लिहून ठेवला की दर वेळी सुरुवात बोलती होते. विरत न्यायचंच असेल तर मिडीऐवजी ट्रॅकच्या व्हॉल्यूम एन्व्हलपने, म्हणजे ट्रॅकवर आखलेल्या आवाजाच्या रेघेने, न्यावं. ती रेघ रीपरच्या हातात राहते, वाद्याच्या मनात नाही. अडकलेला कंट्रोलर तात्पुरता सोडवायला १२१ क्रमांकाचा रीसेट संदेश आहे, पण तो ७ ला हात लावत नाही, त्यामुळे या दुखण्यावर ते औषध नव्हे.

परवाना आणि सॅम्पल. कॉन्टॅक्टच्या फुकट प्लेअरमध्ये पूर्ण आवृत्तीसाठी बनवलेली लायब्ररी उघडली तर ती १५ मिनिटं वाजते आणि गप्प होते. ‘आत्तापर्यंत वाजत होतं’ या तक्रारीमागे कित्येकदा एवढंच असतं. सॅम्पलचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवलं तर वाद्याची खिडकी दिमाखात उघडते, आत मात्र काही नसतं. नवी जागा वाद्यालाच दाखवावी लागते, रीपरला नाही.

बाहेर पडणारी दारं

ड्रमच्या वाद्यात किक १-२ वर, स्नेअर ३-४ वर अशी वेगवेगळी आउटपुट दिलेली असतात आणि रीपरचा ट्रॅक मुळात दोन चॅनलांचा. मग किक ऐकू येते, स्नेअर दारातच अडकते. वाद्याच्या खिडकीवर वरच्या बाजूला ‘२/१६ आउट’ अशा धर्तीचं बटण दिसतं. त्यावर क्लिक केलं की पिनांची जाळी उघडते : एका बाजूला वाद्याची आउटपुट, दुसऱ्या बाजूला ट्रॅकचे चॅनल. कोणती चौकट भरलेली आहे आणि कोणती रिकामी, हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. गरजेप्रमाणे ट्रॅकचे चॅनल वाढवा आणि ३-४ चा सेंड (आवाज दुसरीकडे नेणारी जोडणी) दुसऱ्या ट्रॅकच्या १-२ ला द्या. सुरुवातीलाच इन्सर्ट मेन्यूतून वाद्य घातलं तर ही मांडणी करून देऊ का, असं रीपर स्वतः विचारतं. घाईत ‘नाही’ म्हणू नका.

राउटिंगच्या खिडकीत मास्टर सेंडची खूण गेलेली असेल तरी ट्रॅक गप्प. एका ट्रॅकवरून दुसऱ्यावरच्या वाद्याला मिडी पाठवत असाल तर त्या सेंडमध्ये ऑडिओ ‘नन’ (काहीच नाही) चालतो, मिडी ‘नन’ नाही. बाकी नेहमीचे संशयित तपासायला दोन सेकंद लागतात : कुठे दुसरा ट्रॅक सोलो (फक्त तोच ऐकू येईल असा) आहे का, फोल्डरचा वरचा ट्रॅक म्यूट आहे का, एफएक्स बायपास किंवा ऑफलाइन (पूर्ण बंद करून ठेवलेला) आहे का. रीपरमध्ये ऑटोम्यूट नावाचीही सोय आहे. आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे उसळला की कानांच्या रक्षणासाठी ती ट्रॅक किंवा मास्टर म्यूट करते. सोय चांगली आहे, पण आपण दाबलेलं नसताना म्यूट लागलेलं पाहून माणूस चक्रावतो.

ड्रायव्हर आणि प्लगइनची यादी

रीपरच्या मेन्यूच्या ओळीत उजव्या टोकाला ऑडिओ उपकरणाची माहिती छापलेली असते : सॅम्पल रेट, चॅनल, बफर, लेटन्सी (आवाजाला होणारा उशीर). तिथेच उपकरण बंद असल्याचं लिहिलेलं दिसलं तर बाकी काहीच तपासू नका. त्या अक्षरांवर क्लिक केलं की थेट ऑडिओचं पान उघडतं. ही जागा उत्तम निवडली आहे, अक्षरं मात्र इतकी भिडस्त की नजर तिथे जातच नाही. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा अ‍ॅसिओ ड्रायव्हर निवडा, आणि प्रोजेक्टमध्ये सॅम्पल रेट बांधून टाकलेला असेल तर तो उपकरणाला झेपतो का बघा. रीपर सोडून ब्राउझरमध्ये गेलं की आवाज तुटत असेल, तर अ‍ॅप निष्क्रिय असताना उपकरण सोडून देण्याची खूण ऑडिओच्या पानावर लागलेली आहे.

वाद्य यादीतच नसेल तर तो प्रश्न वेगळा. व्हीएसटी३ या नव्या प्रकारच्या प्लगइनची जागा ठरलेली असते, विंडोजवर प्रोग्रॅम फाइल्समधल्या कॉमन फाइल्सखाली. जुन्या व्हीएसटी२ च्या फाइली कुठेही असू शकतात, म्हणून ते फोल्डर प्लगइनच्या पानावर स्वतः जोडावं लागतं. मग कॅशे पुसून पुन्हा स्कॅन. वाद्यांच्या नावाआधी व्हीएसटीआय किंवा व्हीएसटी३आय असं लागतं. शेवटचं ‘आय’ नसेल तर तो इफेक्ट आहे, त्याच्याकडून सुरांची अपेक्षा नको.

वाजतं, पण रेंडरमध्ये नाही

हा प्रकार शेवटी उरतो. प्ले केलं तर सगळं ऐकू येतं, रेंडर केलेल्या, म्हणजे गाण्याच्या तयार करून घेतलेल्या ऑडिओ फाइलमध्ये मात्र एखादं वाद्य गायब किंवा सुरुवातीचे सूर तुटलेले. रीपर मूळ सेटिंगमध्ये पूर्ण वेगाने रेंडर करतं, आणि डिस्कवरून सॅम्पल ओढणाऱ्या काही वाद्यांना तो वेग झेपत नाही. रेंडरच्या खिडकीतच वेग बदलता येतो : आधी १एक्स ऑफलाइन करून बघा, तरीही नाही जमलं तर ऑनलाइन रेंडर, म्हणजे गाण्याच्या लांबीएवढाच वेळ. चार मिनिटांचं गाणं चार मिनिटं घेईल. तेही नको असेल तर त्या एकाच वाद्याचा ट्रॅक आधी ऑडिओत रेकॉर्ड करून घ्यावा : ट्रॅकच्या रेकॉर्ड पर्यायांत आउटपुट स्टीरिओ निवडायचं, आर्म करायचं आणि गाणं एकदा पूर्ण वाजू द्यायचं. मूळ मिडी दुसऱ्या ट्रॅकवर जपून ठेवायचा असेल तर वाद्यासकट ट्रॅकची प्रत आधीच करून ती ऑफलाइन ठेवा.